दोन थांब्यांचा पूल

नाहूर स्टेशनच्या पुलावर माणसं मोबाइल बघायला थांबतात. संध्याकाळची स्लो लोकल येते (फास्ट इथे थांबतच नाही), लोंढा उतरतो, धडाधडा जिना चढतो. त्यातला एखादा साठीचा गृहस्थ मध्येच कठड्याला लागून उभा राहतो आणि खिशातून फोन काढतो. फोनवर काही आलेलं नसतं. बऱ्याचदा पडदा काळाच असतो. चार-पाच श्वास झाले की फोन खिशात जातो आणि गृहस्थ पुढे चढू लागतो. मोबाइल नव्हते तेव्हा हीच माणसं चपलेचा पट्टा सारखा करायची, नाहीतर भिंतीवरची मूळव्याधीची जाहिरात फार लक्षपूर्वक वाचायची.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे सांगितलं की समोरचा लगेच आपला गुडघा पुढे करतो, म्हणून पुढचं वाक्यही मी तयार ठेवलंय: गुडघ्यांची नाही, छातीची. जुना दमा, सीओपीडी (धुराने-धुळीने श्वासनळ्या कायमच्या आखडलेल्या), टीबी होऊन गेलेली फुप्फुसं, दगडासारखी कडक होत चाललेली फुप्फुसं असे माझे पेशंट. औषध मी देत नाही. श्वास कसा घ्यायचा, चालायचं किती, बसायचं कुठे, बादली उचलताना श्वास सोडायचा की घ्यायचा, असली कामं माझ्याकडे. 2006 साली सुरुवात केली, पाच वर्षं एका रुग्णालयात काढली आणि मग नाहूर पश्चिमेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर गाळा घेतला. नव्या पेशंटला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पुलावर किती थांबे?" नाहूर-भांडुपच्या माणसाला तो लगेच कळतो. कुणी "एक" म्हणतो, कुणी "दोन". कुणी बायकोकडे बघतो आणि बायको सांगते, "हे हल्ली पुलावर जातच नाहीत. सांगतात, लोकलला गर्दी असते."

हा प्रश्न मला एका मावशींमुळे सुचला. त्या वेळी तो सुचला नव्हता, हीच अडचण.

गोष्ट 2009 ची, मी रुग्णालयात होते तेव्हाची. मावशी भांडुप पश्चिमेच्या डोंगरावरच्या वस्तीत राहायच्या. मूळच्या संगमेश्वराकडच्या. लग्नाआधी एकदा टीबी, दुसऱ्या बाळंतपणानंतर पुन्हा एकदा. दोन्ही वेळा औषधं पूर्ण केलेली, जंतूंचा मागमूस नाही, पण डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग चुरगाळलेल्या कागदासारखा. त्यात गावी वीस वर्षं चूल फुंकलेली. विडी-सिगारेट तर सोडाच, कधी मिश्रीसुद्धा लावली नाही, हे त्या आवर्जून सांगायच्या. मी त्यांना श्वासाचे व्यायाम दिले आणि रोज वीस मिनिटं चालायला सांगितलं. आठवडाभराने आल्या त्या पाय सुजवून. चालणं झालेलं नव्हतं.

"मावशी, बसून बसून पाय सुजलेत. चालायलाच नको म्हटल्यावर काय होणार?"

त्या काही बोलल्या नाहीत. सून म्हणाली, "आई रात्री आडव्या होतच नाहीत, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतात." मी उशा कशा रचायच्या ते दाखवलं आणि कार्डावर लिहिलं, रुग्णाचे सहकार्य कमी. अक्षर छान होतं माझं तेव्हा.

बाराव्या दिवशी त्या वॉर्डात दाखल झाल्या. छातीच्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. त्यांनी मावशींच्या नडगीवर अंगठा दाबला, काढला, आणि पडलेला खड्डा आम्ही दोघं बघत राहिलो. मग मानेवरची फुगलेली शीर दाखवली. मग माझं कार्ड. "चालत नाही असं लिहिलंस. चालणार कशी? उजवं हृदय बुडतंय तिचं." आवाज चढवला नव्हता त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

मावशी लघवीच्या गोळ्यांवर आणि ऑक्सिजनवर सावरल्या, घरी गेल्या, पुढे दीड वर्ष होत्या. त्या वर्षी गणपतीला गावी कुणी गेलं होतं, त्यांच्याकडून मागवून आमसुलांची पिशवी त्यांनी मला सुनेच्या हाती पाठवली. कार्डावर मी काय लिहिलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

उजवं हृदय बुडतं कसं, ते आधी सांगते. आपल्याला ठाऊक असलेला रक्तदाब दंडाला पट्टा बांधून मोजतात. तो डाव्या बाजूच्या हृदयाचा. टाळूपासून तळपायापर्यंत रक्त पोचवायचं असतं, त्यामुळे तिथे 120 चा जोर लागतो. उजव्या बाजूचं काम शेजारच्या घरी आमटीची वाटी नेऊन देण्याइतकं. रक्त आलं, बाजूच्या फुप्फुसात ढकललं, झालं. तिथला सरासरी दाब 14 च्या आसपास असतो. एवढ्याशा कामाला भिंत पातळ पुरते, म्हणून उजव्या कप्प्याची भिंत पातळच असते. आता ही वाटी शेजारी न्यायची सोडून रोज सातव्या मजल्यावर न्यायला लावली, तर नेणारा किती दिवस टिकेल?

मजले का वाढतात, हे मी पेशंटांना पालिकेच्या चावीवाल्यावरून सांगते. भांडुपचं पाणी शुद्धीकरण केंद्र आमच्या डोक्यावरच आहे, मुंबईच्या मोठ्या भागाला पाणी तिथूनच जातं, आणि तरी डोंगरावरच्या वस्तीत पाणी येतं ते चावीवाल्याच्या घड्याळावर. चावी कोण फिरवतो आणि कधी फिरवतो हे तिथल्या पोराबाळांनासुद्धा पाठ. फुप्फुसातही असे चावीवाले आहेत. ज्या कोपऱ्यात हवा पोचत नाही तिथली रक्तवाहिनी आवळायची आणि रक्त हवेशीर भागाकडे वळवायचं, हा त्यांचा नियम. 1946 साली ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या स्वीडनमधल्या दोघांनी मांजरांवर प्रयोग करून तो दाखवून दिला. न्यूमोनियाने एखादा कोपरा बिघडला तर ही व्यवस्था फार सुंदर चालते. पण विडीने, चुलीने, टीबीने किंवा कापसाच्या धुळीने सगळंच फुप्फुस बिघडलं असेल, तर चावीवाला जिथेतिथे चाव्या आवळत सुटतो. वर्षानुवर्षं आवळलेली वाहिनी जाड होते आणि मग सैल सोडली तरी पूर्ण उघडत नाही. फुप्फुसाचा जो भाग नष्ट होतो त्याच्याबरोबर त्यातल्या बारीक वाहिन्याही जातात, म्हणजे गल्ल्याच कमी होतात. पंप मात्र तोच, पातळ भिंतीचा. रक्त मागे तुंबतं, यकृत सुजतं, पायांवर पाणी उतरतं.

मावशींसारख्या बायकांची नोंद आपल्या देशात फार पूर्वी झालेली आहे, हे मला त्यांच्यानंतर कळलं. दिल्लीच्या डॉ. पद्मावती, भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ, यांनी डॉ. पाठक यांच्यासोबत 1959 साली फुप्फुसांमुळे उजवं हृदय खचलेल्या 127 रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात बायका जवळजवळ पुरुषांच्या बरोबरीने होत्या, आणि धूम्रपान करणाऱ्या त्यांच्यात अगदी थोड्या. बोट चुलीकडे, शेणीच्या धुराकडे जात होतं. पद्मावतीबाई 2020 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 103 व्या वर्षी, कोविडने गेल्या. त्यांचा तो अभ्यास छापून आला तेव्हा आमच्या मावशी संगमेश्वराला परकर-पोलक्यात असतील. कॉलेजात आम्हाला हा निबंध कुणी दाखवला नाही. दाखवला असता तर मी नीट वाचला असता, असा दावाही नाही.

एक काका माझ्याकडे आले 2016 साली, मुलाबरोबर. परळच्या एका गिरणीत ब्लो रूमला होते. कापसाच्या गाठी फोडायच्या, पिंजायच्या, ते खातं. "आठवड्याच्या सुट्टीनंतरची पहिली पाळी वाईट," ते सांगायचे, "छाती अशी आवळायची की वाटायचं, देवाने सुट्टी दिलीच कशाला. दुसऱ्या दिवशी सैल." कापसाच्या धुळीच्या आजाराची हीच ओळख पुस्तकात लिहिलेली असते, इतक्या नेमकेपणाने मात्र नाही. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. पुढे गिरणी गेली, परळची खोली गेली, एलबीएस मार्गावरच्या एका कंपनीत रात्रपाळीची वॉचमनकी आली आणि तिच्या जोडीला विडी. माझ्याकडे आले तेव्हा मुलाच्या फ्लॅटमध्ये, नाहूरला. पुलावर एक थांबा.

त्यांची चाल मोजायची होती. सहा मिनिटांची चालण्याची चाचणी हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक यंत्र आहे. सपाट जागेवर सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो आणि चालताना बोटाच्या क्लिपवरचा ऑक्सिजन किती खाली जातो, एवढंच बघायचं. जागा मात्र तीस मीटर सरळ हवी. मुंबईच्या उपनगरात तीस मीटर सरळ, सपाट, रिकामी जागा! माझ्या गाळ्याचा बोळ अकरा मीटर. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींना गळ घातली आणि सकाळी दहानंतर गाड्या निघून गेल्या की इमारतीखालचं पार्किंग मिळायला लागलं. दोन टोकांना दोन प्लास्टिकचे शंकू, जमिनीवर खडूच्या खुणा. सेक्रेटरींनी पहिल्या दिवशी विचारलं, "मॅडम, लिंबू-चमचा आहे का?"

या चाचणीत प्रोत्साहनही मोजून द्यायचं असतं. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने 2002 साली वाक्यंसुद्धा ठरवून दिली. दर मिनिटाला, सपाट आवाजात: छान चाललंय, पाच मिनिटं राहिली. असंच चालू द्या, चार मिनिटं राहिली. जास्त ओरडलं तर माणूस जास्त चालतो आणि आकडा खोटा होतो. आमच्या वॉचमनला हे पटेना. काकांची तिसरी फेरी सुरू झाली की तो खुर्चीवरून उठून "चला काका, चला, दाखवा जोर" सुरू करायचा. एका वर्षीची चाचणी त्याच्यापायी बाद करून पुन्हा घ्यावी लागली. एका वॉचमनने दुसऱ्या वॉचमनला साथ द्यायची नाही, हा माझा नियम दोघांनाही अन्यायाचा वाटला.

पहिल्या वर्षी काका 348 मीटर चालले, दुसऱ्या वर्षी 330. 2018 साली 226. बोटावरचा ऑक्सिजन 81 पर्यंत घसरला आणि पुलावरचे थांबे दोन झाले. फुंकायची टेस्ट केली तर तिचा आकडा दोन वर्षांपूर्वी होता तोच. एक्स-रेसुद्धा तसाच. पंप, म्हणजे इनहेलर, बरोबर घेत होते, मी समोर बसवून बघितलं. विडी सुटलेली होती, काकूंनी शपथेवर सांगितलं. फुप्फुस जागेवर आणि चाल शंभर मीटरने कमी. मी काकांना पँट वर करायला सांगितली आणि नडगीवर अंगठा दाबला.

खड्डा पडला. सावकाश भरला.

माझ्या चिठ्ठीवर छातीच्या डॉक्टरांनी टू-डी इको करायला पाठवलं. इकोमध्ये फुप्फुसातला दाब थेट मोजत नाहीत. उजव्या कप्प्याच्या झडपेतून रक्ताची जी बारीक धार उलटी येते तिचा वेग मोजायचा आणि त्यावरून दाबाचा हिशोब करायचा. काकांचा अंदाज आला 62. रिपोर्ट घेऊन मुलगा आधी माझ्याकडे आला, चेहऱ्यावर सुटका. "ताई, 62 म्हणजे 120 पेक्षा कमीच ना? आणि बाबांचं बीपी तर नॉर्मल आहे, मी कालच मोजलं." खाली बसवून त्याला वाटीची आणि सातव्या मजल्याची गोष्ट सांगितली. बराच वेळ तो रिपोर्टच्या पाकिटाची कड मुडपत राहिला.

नक्की मोजायचं तर मांडीतून किंवा मानेतून बारीक नळी थेट उजव्या हृदयात आणि पुढे फुप्फुसाच्या धमनीत घालावी लागते. 1929 साली फोर्समान नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरने वरिष्ठांचा नकार असताना ती स्वतःच्याच हातातून हृदयापर्यंत घातली आणि तशीच वागवत एक्स-रे काढायला चालत गेला. 1956 चं नोबेल त्याच्यासह तिघांना मिळालं. या नळीने मोजलेला सरासरी दाब 25 किंवा त्याहून जास्त असेल तरच फुप्फुसाच्या रक्तदाबाचा आजार म्हणायचा, असं बरीच वर्षं चालत आलं. 2018 च्या जागतिक परिषदेत ती रेषा 20 वर आणली. काकांना यातलं काही लागू नव्हतं. 62 चा अंदाज, सुजलेले पाय आणि 81 चा ऑक्सिजन पाहून डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं नाही. त्यांनी धमनीतलं रक्त काढून तपासलं. बसल्या जागी ऑक्सिजनचा दाब 54 (बोटावरचा आकडा वेगळा, तो टक्क्यांत). मग लिहून दिलं: ऑक्सिजन, मिनिटाला दोन लिटर, दिवसाला किमान पंधरा तास.

पंधराच का? हा आकडा ब्रिटनमधून आला. 1981 साली तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 87 रुग्णांचा अभ्यास छापला. सगळ्यांचा रक्तातला ऑक्सिजन कमी, सगळ्यांना सीओपीडी, पाय सुजून गेलेले. 42 जणांना रोज पंधरा तास ऑक्सिजन दिला, 45 जणांना दिला नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातले 19 गेले, दुसऱ्यातले 30. आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या अभ्यासात फक्त रात्री ऑक्सिजन घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दिवसभर घेणारे जास्त जगताना दिसले होते. या दोन जुन्या अभ्यासांच्या तोडीचं, या माणसांचं आयुष्य वाढवणारं औषध त्यानंतर फारसं काही हाती लागलेलं नाही. विडी सोडणं सोडून.

आणि इथेच माझं खरं काम सुरू झालं, कारण कागदावरचे पंधरा तास घरात आले की चार होतात.

घरातला समज असा की धाप लागली की नाकात ऑक्सिजनची नळी लावायची आणि थांबली की काढायची, डोकेदुखीच्या गोळीसारखी. पण हा ऑक्सिजन धापेसाठी नसतोच. तो चावीवाल्यासाठी असतो. फुप्फुसात पुरेसा ऑक्सिजन आहे अशी त्याची तासन्‌तास खात्री पटली तर तो चाव्या थोड्या सैल करतो आणि उजव्या हृदयावरचा भार आणखी चढायचा थांबतो. अर्ध्या तासात त्याची खात्री पटत नाही, पालिकेचाच माणूस तो! काकांना हे पटलं. ते म्हणाले, "म्हणजे पाळी भरायची." काकूंनी महालक्ष्मीच्या कॅलेंडरवर तास लिहायला सुरुवात केली. रात्रीचे नऊ, दुपारच्या झोपेचे दोन, टीव्हीचे तीन. चौदाच्या पुढे गाडी जाईना. पंधरावा तास काकूंनी भाजी निवडताना समोर बसवून काढला.

विजेचं गणित मी मुलाबरोबर बसून केलं. ऑक्सिजन देणारं पाच लिटरचं मशीन, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, साधारण साडेतीनशे वॉट खातं. पंधरा तासांचे सव्वापाच युनिट, महिन्याचे दीडशेच्या वर. आमच्या भांडुप-मुलुंडकडे वीज महावितरणची. दीडशे युनिट वाढले की बिल वरच्या टप्प्यात जातं आणि प्रत्येक युनिटचा दर चढतो. मशीन कर्जाने घेता येतं, भाड्याने मिळतं, कुणीतरी दानही करतं. बिल दर महिन्याला येतं. माझ्या अर्ध्या पेशंटांचे तास चोरीला जातात ते या बिलासाठी, आणि चोरणारा बहुधा पेशंट स्वतःच असतो. मुलगा कामावर गेला की बटण बंद. त्याच्या डोळ्यांसमोर मीटर फिरत असतं. ऑक्सिजन मशीनवर असलेल्या घराला विजेच्या दरात सवलत द्यायला हवी, असं मी भेटेल त्याला सांगत असते. इथेही सांगून ठेवते.

पैशांपेक्षा चिवट असते ती लाज. नळी लागली म्हणजे माणूस संपला, असा आपल्याकडे ठाम समज. काकांच्या घरी पाहुणे आले की नळी उशीखाली जायची. नात्यातल्या एका लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मशीन चार दिवस बेडरूमच्या दाराआड चादरीखाली होतं. चादरीखाली मशीन तापतं, हे मी ओरडून सांगितलं. देवघराचं तर विचारूच नका. नाकात ऑक्सिजनची नळी असताना निरांजन ओवाळायचं नाही, उदबत्ती लावायची नाही, हे एका घरात मी तीनदा सांगितलं. चौथ्या भेटीला आजोबांची अर्धी मिशी जळालेली. नशीब मोठं की मिशीवरच भागलं.

उलट्या बाजूचीही चूक होते. एका सकाळी काका गुंगीत आढळले, डोकं जड, बोलणं अडखळत. रात्री धाप जास्त वाटली म्हणून मुलाने मायेपोटी मशीनचं बटण दोनावरून पाचावर नेलं होतं. जुन्या सीओपीडीत जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठू शकतो आणि माणूस झोपेत बुडत जातो. बोटावर 88 ते 92 पुरे, शंभराचा हट्ट नको, हे मी त्या दिवसापासून मशीनवरच चिकटपट्टी लावून लिहून ठेवते.

2021 च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, सगळं उलटंपालटं झालं. ज्या मशीनवर चादर पडत होती त्याची चौकशी करायला इमारतीतली माणसं दारात उभी राहू लागली. "काका दिवसा वापरत नसतील तर..." काकांनी तीन दिवस दुपारचे चार तास मशीन शेजारच्या विंगेतल्या एका तरुणाला दिलं, त्याला बेड मिळेपर्यंत. मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक असावं. कॅलेंडरवर त्या तीन दिवशी काकूंनी अकरा-अकरा लिहिलंय, मीठ-मिरची न लावता. पुढे त्या लाटेतून उरलेली मशीनं घरोघरी आली आणि ज्यांचा ऑक्सिजन 92-93 आहे तेही "लावून ठेवू का?" विचारू लागले. त्यांना नको म्हणते. 2016 साली अमेरिकेत 738 जणांवर झालेल्या अभ्यासात अशा बऱ्या आकड्याच्या माणसांना घरच्या ऑक्सिजनचा फायदा दिसला नव्हता.

यावर गोळी नाही का, हे प्रत्येक जण विचारतो. फुप्फुसाच्या रक्तदाबाच्या दुसऱ्या एका प्रकाराला, जिथे रोग मुळात रक्तवाहिन्यांचाच असतो, सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या आहेत. (तीच गोळी पुरुषांच्या एका वेगळ्या तक्रारीसाठी जास्त ओळखली जाते. ती चिठ्ठी घेऊन सत्तरीच्या आजींचा मुलगा केमिस्टकडे गेला, तर काउंटरवरचा पोरगा हसला. पुढच्या वेळी मी स्वतः गेले. हसला नाही.) पण फुप्फुसच बिघडलेल्या माणसात या गोळ्या चावीवाल्याला बाजूला सारून सगळ्या चाव्या एकदम उघडतात. हवा नसलेल्या गल्ल्यांतही रक्त धावतं आणि ऑक्सिजन आणखी पडतो. रिओसिग्वाट नावाच्या औषधाचा कडक झालेल्या फुप्फुसांवरचा प्रयोग 2016 साली मध्येच थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांचंच जास्त नुकसान होत होतं. हुंगायच्या ट्रेप्रोस्टिनिलने मात्र 2021 साली तशाच 326 रुग्णांत थोडी आशा दाखवली. ते हुंगलं की जिथे हवा पोचते तिथल्याच चाव्या उघडतात, युक्ती अशी. सोळा आठवड्यांनी औषध घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा सहा मिनिटांत सुमारे 31 मीटर जास्त चालत होते. सीओपीडीवर तेच करून पाहिलं, तर तो प्रयोग सुरक्षिततेपायी बंद करावा लागला.

एकतीस मीटर म्हणजे आमच्या पार्किंगमधली एक फेरी. मोठमोठी मंडळी वर्षानुवर्षं खपली ती या एका फेरीसाठी. हसू नका. ज्या बेनकडे मी सध्या जाते, त्यांना विचारा एका फेरीची किंमत. जिथे पूर्वी कारखाना होता तिथल्या टॉवरमध्ये, बाविसाव्या मजल्यावर राहतात. लिफ्ट आहे, जिन्याचा प्रश्न नाही. वीस वर्षं आधीच्या घरी आणि मग इथे, एसीच्या डक्टवर कबुतरांना रोज दाणे. 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून बंद केला तेव्हा आमच्या भागातही घराघरांत भांडणं झाली. बेन काही बोलल्या नाहीत. त्यांच्या सीटी स्कॅनवर उत्तर आधीच आलेलं होतं. भारतातल्या फुप्फुसं कडक होण्याच्या रोगांच्या नोंदवहीत, 27 केंद्रांवरच्या 1,084 रुग्णांमध्ये, कबुतरांच्या पिसा-विष्ठेसारख्या, श्वासातून जाणाऱ्या गोष्टींच्या ॲलर्जीने कडक झालेली फुप्फुसं हाच सगळ्यात मोठा गट निघाला, जवळजवळ निम्मा. बेन बेडपासून डायनिंग टेबलापर्यंत चालतात. त्यांच्या चाचणीला पार्किंग लागत नाही. माझा अकरा मीटरचा बोळही जास्त झाला असता.

आणि काका? ऑक्सिजन, लघवीच्या गोळ्या, आठवड्यातून दोन दिवस माझ्याकडे नळी लावून चालणं, एवढ्यावर ते 226 वरून 259 वर आले. पूर्वीचे 348 परत कधी दिसले नाहीत आणि दिसतील असं मी त्यांना कधी सांगितलंही नव्हतं. पाठीवर लहान सिलिंडर अडकवून त्यांनी एकदा नाहूरचा पूल चढला. थांबे तीन झाले, पण मोबाइल काढला नाही. कठड्याला धरून सरळ उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघितलं तर बघू दिलं. इकोचा आकडा शेवटपर्यंत पन्नाशीच्या आत आला नाही. 2023 च्या जानेवारीत, बांधकामांच्या धुळीचे आणि धुरक्याचे दिवस चालू असताना, छातीच्या जंतुसंसर्गाने ते गेले. ऑक्सिजन सुरू झाल्यापासून साडेचार वर्षं मिळाली.

तुमच्या घरात जुन्या दम्याचं, टीबी होऊन गेलेलं, चुलीपुढे आयुष्य काढलेलं कुणी असेल आणि हल्ली धाप पूर्वीपेक्षा वाढली असेल, तर "वय झालं" म्हणू नका. आज रात्री त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून दहापर्यंत मोजा. खड्डा राहिला तर डॉक्टरांना दंडाचं बीपी सांगून परत येऊ नका, इको करायचा का एवढं विचारा.